फितूर म्हणजे कोण?

शिवजयंतीला आमच्या शाळेत वक्तृत्वस्पर्धा असते, आणि तिचे परीक्षण, मी कादंबऱ्या लिहितो एवढ्याच अपराधाबद्दल, दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. विषय कोणताही असो, शेवटच्या मिनिटाला एक वाक्य ठरलेले असते : फितुरी झाली नसती तर मराठ्यांचे राज्य बुडाले नसते. वाक्य आले की टाळ्या पडतात, टाळ्या पडल्या की वक्ता खाली बसतो आणि मी कागदावर आकडा टाकतो. गेल्या खेपेस सातवीतल्या एका मुलाने हे वाक्य म्हणताना आवेशाच्या भरात बोट पुढे केले, आणि ते नेमके तिसऱ्या रांगेतल्या एका मुलावर जाऊन थांबले. तो मुलगा जवळच्याच एका गावच्या देशमुखांचा. पोरे हसली. दुपारच्या सुटीत तो माझ्याकडे आला आणि खाली पाहत म्हणाला, "सर, आमचे आजे-पणजे फितूर होते काय?"

"सगळेच नव्हते रे," मी म्हणालो.

मास्तराला काही ना काही उत्तर द्यावेच लागते. परंतु अरुणावतीच्या काठाने घरी जाताना मला कळून चुकले की हे उत्तर चुकीचे आहे; चुकीचे म्हणण्यापेक्षा भित्रे आहे. 'सगळेच नव्हते' म्हणजे काही होते; म्हणजे आरोप मान्य, फक्त आरोपींची संख्या कमी. मुळात आरोप तपासून पाहण्याची हिंमत मी केली नव्हती. ती आता करतो. संपादकांनी दिवाळी अंकासाठी कथा मागितली होती. त्यांनी मला क्षमा करावी.

प्रथम माझाच कबुलीजबाब. ज्या समजुतीवर मी तुटून पडणार आहे ती पसरवणाऱ्यांत मीही आहे. माझी पहिली कादंबरी ऐतिहासिक होती. तीत एक गढी आहे. गढीत एक देशमुख आहे. देशमुखाला भरघोस मिशा आहेत आणि त्याच्याकडे मध्यरात्री मोगलांचा जासूद येतो. थैली पुढे सरकते, दिवा फडफडतो, आणि वाचकाला कळते की आता घात होणार. हा देशमुख असे का करतो, हे मी पाहिलेच नाही. तो दुष्ट होता म्हणून करतो. कादंबरीला तेवढे पुरले. आज ते प्रकरण वाचताना मला त्या देशमुखाची नव्हे, माझीच लाज वाटते.

पण दोष एकट्या माझा नाही. फितूर हे आमच्या ऐतिहासिक कादंबरीचे, नाटकाचे, व्याख्यानाचे आणि आता पडद्याचे हुकमी पात्र आहे. २०२५ साली 'छावा' चित्रपट आला, लोकांनी गर्दी केली, आणि त्यात गणोजी शिर्क्यांना ज्या रंगात रंगवले त्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली. दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. १६८९ साली संगमेश्वरास संभाजीराजे पकडले गेले त्यात गणोजींचा हात किती, यावर इतिहासकारांचा वाद आहे आणि तो त्यांनी खुशाल करावा. मला आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या एका वतनदाराच्या वागणुकीबद्दल आज आडनाव लावणाऱ्याला मान खाली घालावी लागते किंवा तावातावाने भांडावे लागते, आणि या दोन्ही पक्षांत कोणी विचारत नाही की बाबा, हे भांडण मुळात होते कशाचे?

ते होते वतनाचे. गणोजी हे काही कोणी परके नव्हेत. महाराजांचे जावई आणि येसूबाईंचे भाऊ. घरातल्या घरात एवढी दोन नाती, आणि तरी मधे आली ती दाभोळकडची देशमुखी. जे दोन सोयरिकींना पुसून टाकते ते वतन म्हणजे आहे तरी काय, याचा विचार केल्यावाचून फितूर हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही, असे माझे म्हणणे आहे.

देशमुख हा परगण्याचा मुख्य. वसूल गोळा करून सरकारात भरणे, ओस गाव वसवणे, वेळेला माणसे आणि घोडी घेऊन उभे राहणे हे त्याचे काम. हिशेब देशपांडे ठेवी. गावात तीच जोडी पाटील-कुळकर्ण्यांची. कामाच्या बदल्यात वसुलात ठराविक हक्क, थोडी इनाम जमीन, आणि मानपान : तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, दसऱ्याचा बकरा, होळीच्या पोळीचा मान. हे सगळे वंशपरंपरा. मानपानावरून चुलतभावांनी एकमेकांचे मुडदे पाडल्याची कागदपत्रे इतिहासाच्या खंडांतून हवी तेवढी सापडतील. आज आपल्याला हसू येते. पण होळीची पोळी आधी कोणाची, याचा अर्थ या मातीत आधी कोण, असा होता.

आणि शब्द पाहा. वतन हा शब्द अरबीतून आला. तिकडे त्याचा अर्थ जन्मभूमी, मायदेश. उत्तरेकडच्या गाण्यांतून आजही वतनासाठी प्राण द्या म्हणतात तेव्हा देशासाठी द्या असाच अर्थ असतो. आमच्याकडे त्याच शब्दाचा अर्थ झाला देशमुखी, पाटिलकी, कुळकर्ण. मी मॅट्रिक झालेला मास्तर. भाषाशास्त्र मला येत नाही. परंतु एवढे दिसते की ज्याला आपण स्वार्थ म्हणून हिणवतो त्यालाच तो माणूस आपला देश समजत होता. राजा बिदरचा असो, अहमदनगरचा असो, विजापूरचा, दिल्लीचा वा रायगडचा असो. देश म्हणजे आपली चाळीस-पन्नास गावे, आणि त्या देशाशी त्याने बहुधा बेइमानी केली नाही. आपण त्याला ज्या राष्ट्राचा फितूर ठरवतो ते राष्ट्र त्याने पाहिलेच नव्हते.

कादंबरी छापून आल्यावर काही महिन्यांनी मला एका गढीचे बोलावणे आले होते. गढी म्हणजे आता पांढऱ्या मातीचा ढिगारा आणि त्याच्या कुशीत सिमेंटच्या तीन खोल्या. मला वाटले, म्हातारा चिडला असणार. तसे नव्हते. काकाजींनी मला चहा दिला आणि पत्र्याची एक पेटी उघडली. पेटीत कागद. काही फारसी, शिक्क्यांचे. ते मला वाचता येत नाहीत. काही मोडी, ते मी अडखळत वाचतो. शेवटचे इंग्रजी, कमिशनरच्या कचेरीतले. एकाखाली एक, चार राज्यांचे कागद नीट घडी घालून ठेवलेले. म्हातारा म्हणाला, "मास्तर, राजे आले ना गेले. हरेकानं येऊन हेच लिवलं का बा, तुमचं जे आहे ते तुमाले चालवू. तुमी पुस्तकात लिवलं का आमी राजा बदलला. आमी कुठी बदलला? राजेच बदलत होते."

या वाक्यावर मला तेव्हा काही बोलता आले नाही. आताही त्यातला अर्धा भाग मला खोडता येत नाही. उरलेल्या अर्ध्याविषयी पुढे सांगतो.

आर्णीहून माहूर काही फार लांब नाही, मधे पैनगंगा. तीच माहूरची देशमुखीण रायबागन आपल्या सर्वांना माहीत आहे. उंबरखिंडीत, २ फेब्रुवारी १६६१ रोजी, कारतलबखानाची फौज महाराजांनी दोन्ही बाजूंनी कोंडली तेव्हा ती खानाबरोबर होती, आणि शरण जा, नाहीतर कोणी जिवंत राहणार नाही, हा शहाणपणाचा सल्ला खानाला तिनेच दिला. व्याख्याते तिला उभी करतात ती मोगलांची चाकर म्हणून. एक हिंदू बाई आणि औरंगजेबाकडून 'राजव्याघ्री' अशा अर्थाचा किताब घेते, म्हणून तिच्या नावाने खडे फोडतात. पण तिचे घराणे, उदाराम देशमुखांचे, मलिक अंबरची बाजू सोडून मोगलांकडे गेले ते जहांगिराच्या वेळी, महाराजांच्या जन्माच्या आधी. माहूर म्हणजे वऱ्हाड सुभ्याची सरकार. तिच्या डोक्यावरचा राजा दिल्लीचाच. ती फितूर कोणाला झाली? ज्या स्वराज्याचा तिच्या परगण्याशी तोपर्यंत काही संबंधच आला नव्हता, त्याला? धन्याचे मीठ खाऊन धन्याबरोबर लढायला जाणे आणि मरायची वेळ आली तेव्हा धन्याच्या सरदाराला खरे ते सांगणे, याला निष्ठा म्हणतात. ती आपल्या बाजूची नव्हती एवढाच तिचा गुन्हा.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही फितुरांची वकिली करता. जगात इतरत्र असे माणूस सुळावर गेले असते. तर जगात इतरत्र काय होत होते तेही पाहू.

फ्रान्सचा कोंदे हा राजघराण्यातला सरदार. १६४३ साली रोक्रुआच्या रणात, वय एकवीस, त्याने स्पेनच्या नामांकित पायदळाचा धुव्वा उडवला. राजा लहान, कारभार माझारँ या मंत्र्याच्या हाती. १६४८ पासून फ्रान्सात सरदारांची बंडाळी उसळली, आणि १६५० च्या जानेवारीत माझारँने कोंदेला, चौकशी नाही की आरोप नाही, बेड्या घातल्या. तेरा महिने तुरुंगात काढून तो सुटला, बंडात शिरला आणि पुढे सरळ स्पेनकडे गेला. ज्यांना त्याने रोक्रुआस झोडपले त्यांच्याच फौजेत उभा राहून तो आपल्या राजाशी लढला. १६५८ साली डंकर्कजवळ त्याच्यासमोर फ्रान्सचा सेनापती होता तो त्युरेन. आणि हा त्युरेनही आठच वर्षांपूर्वी स्पेनच्या बाजूने फ्रान्सशी लढून मग परतलेला! १६५९ च्या नोव्हेंबरात फ्रान्स व स्पेन यांचा तह झाला, त्यात कोंदेला माफी मिळाली, जमिनी परत मिळाल्या, आणि पुढे चौदाव्या लुईच्या सैन्याचे आधिपत्यही मिळाले. इतिहास त्याला 'थोरला कोंदे' म्हणतो.

त्याच १६५९ च्या नोव्हेंबरात इकडे प्रतापगड घडला. उत्रवळीचे खंडोजी खोपडे देशमुख अफजलखानाला जाऊन मिळाले होते. पुढे सापडले तेव्हा कान्होजी जेध्यांनी रदबदली केली म्हणून जीव वाचला. पण महाराजांनी त्यांचा एक हात आणि एक पाय तोडवला. एक लक्षात घ्या : खोपड्यांनी आज्ञा मोडली ती कोणाची? त्या वर्षीच्या जून महिन्यात विजापूरच्या बादशहाचे मावळच्या देशमुखांना फर्मान निघालेच होते की खानाला सामील व्हा. कागदोपत्री धनी बादशहाच. कायद्याने बघाल तर त्या घटकेला खोपडे राजनिष्ठ आणि जेधे फितूर! कान्होजी ते फर्मान आणि पाच मुले घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले, म्हणूनच ते थोर. सगळेच जे करतात ते करण्यात थोरपणा कसला? कान्होजींच्या त्यागाचे मोल कळायचे असेल तर खोपड्यांचे वागणे ही त्या काळची रीत होती हे आधी कबूल करावे लागते. नाहीतर कान्होजींनी काय मोठेसे केले? आणि याच घराण्यातल्या सर्जेराव जेध्यांना पुढे संभाजीराजांना खडसावणारे पत्र लिहावे लागले. रक्त तेच, वतनही तेच.

आणखी एक प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळतो आहे. सरदार राजाला सोडून गेला तर त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द आहेत : फितूर, हरामखोर, नमकहराम. राजाने सरदाराचा घात केला तर त्याला शब्द कोणता? सिंदखेडचे लखुजी जाधव, जिजाबाईंचे वडील, आमच्या विदर्भातले. निजामशाही सोडून मोगलांकडे गेले आणि परत आले. परत आलेल्या माणसाला १६२९ साली दौलताबादेस निजामशहाने मुजऱ्याला बोलावले आणि भर दरबारात मुलानातवांसह कापून काढले. कोंदेला माझारँने निदान जिवंत ठेवले. आता सांगा, या दरबारात फितूर कोण होते? शब्द नाही, कारण शब्द दरबारात तयार होतात आणि बखरी दरबारातच लिहिल्या जातात. आम्ही मास्तर मंडळी त्या मुलांकडून पाठ करून घेतो.

माझा सर्वांत मोठा राग आहे तो यापुढच्या मुद्द्यावर. फितुरीच्या या गोष्टीने शिवाजीमहाराज मोठे होतात असे सांगणाऱ्यांना वाटते. मला वाटते, ते लहान होतात. काही माणसे दुष्ट होती आणि महाराजांनी त्यांना शासन केले, एवढेच असेल, तर ते काम कोणत्याही कडक फौजदाराला जमले असते. महाराजांनी केले ते याहून फार अवघड होते. त्यांनी वतनदार माणसापेक्षा वतनाच्या रचनेलाच हात घातला. सभासदाने बखरीत हे फार चांगले सांगितले आहे. देशमुखांनी गावोगाव वाडे, कोट, हुडे बांधून प्यादे-बंदुकी जमवलेल्या, सरकारात भरायचे थोडे आणि गावाकडून उकळायचे त्याच्या कितीतरी पट. महाराजांनी ते हुडे पाडले, साध्या घरात राहा म्हणून सांगितले, जमीन मोजली, पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला ठरवले, आणि वतनदाराचा हक्क बांधून दिला. नोकराला जहागीर नाही, रोख पगार. १६५६ साली जावळी घेतली ती चंद्रराव मोरे वाईट होते म्हणून नव्हे. राजाच्या मुलखात दुसरा राजा नको, म्हणून घेतली. फ्रान्सात रिशल्यूने १६२६ साली सरदारांच्या गढ्या पाडण्याचा हुकूम काढला, चौदाव्या लुईने १६८२ पासून त्याच सरदारांना व्हर्सायच्या महालात आणून राजाचा सदरा कोणी पुढे करायचा यासाठी झुरत ठेवले. त्यांच्यामागे जुने राज्य आणि भरलेला खजिना होता. इकडे जहागीरदाराच्या पोराने हे काम हाती घेतले, ज्या देशमुखांच्या जोरावर राज्य उभारायचे त्यांच्याच हुड्यांना पहार लावून. खुद्द महाराजांनी मोगलांकडे हक्क मागितला तोही सरदेशमुखीचा, शेकडा दहाचा! देशमुखांचा देश असा की राजालासुद्धा त्याची भाषा बोलावी लागे.

हे काम पुरे झाले नाही. महाराज १६८० साली गेले. दहा वर्षांच्या आत ते उलटे फिरले, आणि फिरवले ते कोणा फितुराने नव्हे, छत्रपतींनीच. संभाजीराजांचा वध झालेला, रायगड पडलेला, येसूबाई आणि बाल शाहू औरंगजेबाच्या छावणीत, राजाराममहाराज जिंजीला, खजिन्यात दमडी नाही. औरंगजेब मनसबी वाटतो आहे. मग राजाने काय द्यावे? त्याच्याजवळ होते ते त्याने दिले : जो मुलूख सोडवाल तो तुमचा. १६९१ साली हणमंतराव घोरपड्यांना तर रायगडापासून थेट दिल्लीपर्यंत, काय काय घेतल्यावर काय काय इनाम मिळेल याचे वचन लिहून दिले. माझा राजारामांवर राग नाही; त्या घटकेला दुसरा इलाज दिसत नाही, आणि याच वचनांवर राज्य वाचले. परंतु मग वतनाच्या आशेने मोगलांकडे जाणारा फितूर, आणि वतनाच्या आशेने छत्रपतींकडे येणारा देशभक्त, हा हिशेब कुठल्या अंकगणितातला? म्हसवडचे नागोजी माने हे एकदा इकडे, एकदा तिकडे. १६९७ साली संताजी घोरपड्यांना त्यांनीच मारले, मेहुण्याच्या वधाचा सूड म्हणून. ज्या बाजारात दोन्ही गिऱ्हाईके भाव वाढवीत होती त्या बाजारात विक्रेत्याच्या नीतीवर प्रवचन करायचे आणि गिऱ्हाइकांची नावेही घ्यायची नाहीत, ही आमची इतिहासदृष्टी.

ही सारी देवघेव स्वतःच्या शिक्क्याने करणारे होते रामचंद्रपंत अमात्य. त्यांनीच पुढे 'आज्ञापत्रा'त वतनदारांविषयी जे लिहिले त्यापेक्षा परखड कोणी लिहिले नाही. हे नुसते नोकर नव्हेत, राज्यातले वाटेकरी भाऊबंद आहेत. परचक्र आले की आधी शत्रूशी बोलणे लावतात. यांना फार चेपू नये, फार मोकळे सोडू नये. सगळे खरे. आणि त्या अमात्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर कोल्हापूरकरांच्या छत्राखाली विसाव्या शतकापर्यंत चालली. पंतांना मी ढोंगी म्हणत नाही. रोग कळलेला वैद्यही रोगापासून सुटतोच असे नाही.

यानंतरचे भरभर सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, वसुलीचे मुलूख सरदारांत वाटले गेले आणि सरदारांचे राजे झाले. १८०३ साली शिंदे-भोसले इंग्रजांशी लढत असता होळकर बाजूला राहिले, आणि आडगाव-गाविलगड इथे, आमच्याच वऱ्हाडात, डाव संपला. यालाही आम्ही फूट म्हणतो, म्हणजे फितुरीचीच धाकटी बहीण.

आता काकाजींच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग. पेटी बंद होत असताना ओट्याच्या कडेला त्यांचा सालदार बसला होता. पन्नाशीचा, हातात चहाची बशी. तो सहज बोलला, "काकाजी, चार राजांचे कागद तुमच्या पेटीत. आमच्या बापजाद्यांचा कागद कोन्या पेटीत असन?"

काकाजी हसले, मीही हसलो. पण मला वाटते राजा आणि सरदार यांच्या संबंधावर याहून मोठा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. राजा आणि वतनदार भांडले काय किंवा त्यांचे जमले काय, वाटणीला ठेवलेले धान्य तिसऱ्याचेच होते. भांडले तर दोन्ही फौजा त्याचे शेत तुडवीत. जमले तर दोघे मिळून त्याच्यावर बसत. ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरला १६५३ साली खडी फौज हवी होती. सरदारांनी सहा वर्षांत पाच लाख तीस हजार टालर देण्याचे कबूल केले, आणि बदल्यात मिळवले काय? शेतकऱ्यांवरचे आपले हक्क राजाच्या मान्यतेने पक्के करून घेतले. फ्रान्सात राजाने सरदारांची सत्ता काढून घेतली, पण जमिनीवरच्या मुख्य कराची माफी त्यांना ठेवली. तो बोजा शेतकऱ्याने १७८९ पर्यंत वाहिला. या दोन्ही ठिकाणी राजाशी फितूर असा कोणी झालाच नाही. सगळे आपसात गोडीगुलाबीने ठरले. राजनिष्ठ सरदार शेतकऱ्याला बंडखोरापेक्षाही महाग पडतो, हे सांगायला शाळेच्या पुस्तकात जागा नाही.

आमच्याकडे तर एका गावाला दोन-दोन धनी. वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दोअंमली कारभार. दोघांचे अंमलदार एकाच खळ्यावर. देशमुखाने कोणाशी इमान राखावे? तो दोघांना सलाम करी आणि दोघांचे वजा जाता आपले ठेवी. भोसले गेले, पुढे निजामाने सावकारांचे कर्ज फेडण्यासाठी वऱ्हाडचा वसूल विकाजी-पेस्तनजी मेहेरजी यांच्यासारख्यांकडे लावून दिला, आणि १८५३ साली इंग्रज आले. इंग्रजांना देशमुखाच्या मध्यस्थीची गरज नव्हती. त्यांनी रयतेशी थेट बांधणी केली, देशमुख-देशपांड्यांच्या हक्कांबद्दल वेतने बांधून दिली आणि घरी बसवले. लुईला महाल बांधावा लागला; इंग्रजाने ते काम पेन्शनीत उरकले. ओसाड जमिनी मात्र इजाऱ्याने दिल्या. आजही आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कित्येक गावांच्या नावापुढे 'इजारा' लागतो. पाटिलकी उरली होती, ती १९६२ च्या कायद्याने गेली. मग वतने संपली का? पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली झाला, तरी निवडणूक आली की कोण कुठल्या दरबारात गेला याची चर्चा पानठेल्यावर फितुरीच्याच भाषेत होते. कोणी कोणाला काय कबूल केले, आणि ते कोणाच्या वाट्यातून, हे तिथेही कोणी विचारत नाही.

त्या मुलाला मी नंतर वर्गाबाहेर गाठले. म्हटले, तू विचारलेस त्याचे उत्तर मी चुकीचे दिले. तुझे पूर्वज फितूर नव्हते आणि हुतात्मेही नव्हते. ते वसूल करीत, त्यातला वाटा घेत, आणि तो वाटा जो चालू ठेवील त्याला राजा म्हणत. तुझ्या बाकावर शेजारी बसतो ना, त्याच्या पूर्वजांकडून ते घेत. मुलाने शेजाऱ्याकडे पाहिले. शेजारी खिडकीतून बाहेर बोरीच्या झाडाकडे पाहत होता. यापेक्षा जास्त सातवीत सांगता येत नाही. दोघेही डबा एकत्र खातात, आणि ते तसेच राहावे अशी माझी इच्छा आहे.

राहिली कादंबरी. तिची दुसरी आवृत्ती काढायचे घाटत आहे. मी प्रकाशकांना कळवले की जासुदाचे प्रकरण मला नव्याने लिहायचे आहे : थैलीऐवजी कागद येईल, देशमुख तो वाचायला देशपांड्यांना बोलावील, आणि जुन्या धन्याच्या कागदाशी ताडून पाहील. ओट्यावर एक कुणबी बसलेला असेल आणि तो काही विचारील. प्रकाशकांचा फोन आला. म्हणाले, "गुरुजी, मग त्यात फितूर कोण?" मी म्हटले, कोणी नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले की दिवाळीनंतर बोलू.